लाहेजची सल्तनत

लाहेज ही दक्षिण अरबस्तानातील एक भूतपूर्व सल्तनत. एडन बंदरापासून सुमारे 40 किमी. उत्तरेला, तुबन वादीच्या त्रिभुज प्रदेशात ती वसली होती. अब्दली या अरब टोळीच्या सुलतानांनी येथे 1728 ते 1967 पर्यंत राज्य केले. राजधानी हौता. हा मुलूख आज यमनच्या लाहेज प्रांतात मोडतो. मात्र प्रांताचा विस्तार जुन्या सल्तनतीहून बराच मोठा आहे.

वादी म्हणजे एरवी कोरडी राहणारी, पुरातच वाहणारी नदी. लाहेजमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. उत्तरेच्या डोंगरांत पाऊस झाला की तुबनला पूर येतो आणि त्यावरच सगळी शेती चाले. पात्रात आडवा मातीचा बांध घालून पुराचे पाणी चाऱ्यांमध्ये वळवायचे, उंच वरंब्यांच्या शेतात ते गुडघाभर साठू द्यायचे, शेत भरले की वरंबा फोडून पाणी खालच्या शेताला सोडायचे, अशी ही रीत आहे. पाण्याचा पहिला हक्क वरच्या अंगाच्या शेताचा. वाटपावर देखरेख करणाऱ्या मानकऱ्याला ‘शेख अल-वादी’ म्हणत. मोठा पूर आला की बांध वाहून जाई आणि गाव पुन्हा बैल जुंपून तो उभा करी. ज्वारी, तीळ, खजूर, केळी, भाजीपाला आणि जनावरांचा चारा ही येथली पिके. लाहेजच्या मोगऱ्याची आणि केवड्याची ख्याती तर एडनच्या बाजारात पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. ओसाड दगडी एडनच्या तुलनेत हा हिरवा पट्टा म्हणजे केवढी संपत्ती होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या राज्याचा इतिहास कळत नाही. एडनला पाणी, भाजी आणि चारा लागे. डोंगरातून येणारी कॉफी आणि कात या झुडपाची पाने उंटांच्या तांड्यांवर लाहेजवरूनच बंदरात जात. तांड्यांवरील जकात हे सुलतानाचे भरवशाचे उत्पन्न होते.

सतराव्या शतकात हा प्रदेश सनाच्या झैदी इमामांच्या ताब्यात गेला होता. इमामांची पकड सैल होताच 1728 मध्ये शेख फझल बिन अली अल-अब्दली याने त्यांचे वर्चस्व झुगारले आणि पुढील काही वर्षांत याफी टोळीच्या मदतीने एडनही घेतले. तेव्हापासून अब्दलींकडे शेती, रस्ता आणि बंदर तिन्ही होते. सुलतान अहमद बिन अब्दुल करीम याच्या काळात राज्याला स्थैर्य आले. इंग्रजांनी 1799 मध्ये पेरिम बेटावर पाठवलेल्या फौजेचे पाण्यावाचून हाल झाले, तेव्हा त्याने तिला एडनमध्ये आश्रय दिला. 1802 मध्ये सर होम पोफमने त्याच्याशी मैत्रीचा आणि व्यापाराचा तह केला.

सुलतान मुहसिन बिन फझलच्या वेळी हे चित्र पालटले. मुंबई-सुएझ मार्गावर आगबोटी सुरू झाल्या आणि वाटेत कोळसा साठवण्यासाठी मुंबई सरकारला बंदर हवे झाले. 1837 मध्ये एडनजवळ ‘दर्या दौलत’ हे इंग्रजी निशाणाचे जहाज फुटले आणि लुटले गेले. भरपाई मागण्याच्या निमित्ताने कॅप्टन हेन्सला पाठवण्यात आले. त्याने बंदराच्या विक्रीचीच बोलणी लावली. सौदा वादात सापडला आणि 19 जानेवारी 1839 रोजी मुंबईहून आलेल्या फौजेने एडन तोफांच्या जोरावर घेतले. त्या वेळी तेथे जेमतेम सहाशे माणसे राहत होती. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत इंग्रजांनी मिळवलेला हा पहिला मुलूख. भरपाईचे कारण पुढे केले असले, तरी बंदर घ्यायचे आधीच ठरले होते, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट दिसते. सुलतानाला वर्षाला 6,500 मारिया तेरेझा डॉलरांचा तनखा ठरला. एडन परत घेण्यासाठी 1839 ते 1841 या काळात अब्दलींनी वारंवार हल्ले केले, पण भिंतीआडच्या तोफांपुढे त्यांचे काही चालले नाही.

बंदर गेले, तरी रस्ता आणि पाणी सुलतानाच्या हाती राहिले. 1858 मध्ये सुलतान अली बिन मुहसिनने रस्ते अडवले, तेव्हा इंग्रजांना एडनजवळच्या शेख उस्मान या गावी लढाई करावी लागली. पुढे शेख उस्मानहून एडनपर्यंत पाण्याचा पाट बांधण्यात आला, तोही सुलतानाशी करार करूनच. 1882 मध्ये शेख उस्मानची जमीन इंग्रजांनी विकत घेतली.   एडन 1932 पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. लाहेजचे सुलतान संरक्षित राजे म्हणून नऊ तोफांच्या सलामीचे मानकरी होते.

पहिल्या महायुद्धात लाहेजवर सर्वांत मोठा घाला पडला. जुलै 1915 मध्ये अली सईद पाशाची तुर्की फौज चालून आली. एडनहून मदतीला निघालेले सैन्य वाळूतील उन्हाने बेजार झाले, उंटवाले पाण्यासह पळून गेले, अनेक सैनिक उष्माघाताने मेले. रात्रीच्या गोंधळात सुलतान अली बिन अहमद याच्यावर त्याच्याच दोस्तांच्या सैनिकांनी शत्रू समजून गोळी झाडली आणि त्या जखमेने तो दगावला. तुर्कांनी लाहेज जिंकले आणि 1918 च्या अखेरीस युद्ध संपल्यावरच सोडले. युद्धकाळात एडनहून सुरू झालेली मीटरगेज रेल्वे नंतर लाहेजपर्यंत पोचली. 1929 मध्ये ती बंद पडली.

सुलतान अब्दुल करीम बिन फझल (1915–1947) याचा युद्धानंतरचा काळ शांततेत गेला. त्यानंतर आलेला सुलतान फझल याला आप्तांच्या हत्येच्या प्रकरणामुळे 1952 मध्ये गादी सोडावी लागली. नवा सुलतान अली बिन अब्दुल करीम हा अरब राष्ट्रवादाकडे झुकलेला होता. दक्षिण अरबस्तानातील सर्व राज्यांना एकत्र आणून स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या चळवळीशी त्याचा संबंध होता. 1958 मध्ये तो लंडनमध्ये असतानाच इंग्रजांनी त्याची मान्यता काढून घेतली. पुढच्या वर्षी लाहेज इंग्रजांनी घडवलेल्या संघराज्यात सामील झाले. मात्र लोकांना मानवणारा सुलतान दूर सारल्यावर त्या संघराज्याला लाहेजमध्ये मूळ धरता आले नाही. 1967 मध्ये नॅशनल लिबरेशन फ्रंटने सल्तनत ताब्यात घेतली आणि 30 नोव्हेंबर 1967 रोजी दक्षिण यमन स्वतंत्र झाला.

लाहेजचे नाव अरबी संगीतात टिकले, ते अहमद फझल यांच्यामुळे. अब्दली घराण्यातील हे गृहस्थ राज्याच्या फौजेचे प्रमुख, म्हणून ‘अल-कुमंदान’ या नावाने ओळखले जात. त्यांनी स्थानिक बोलीत गीते रचून, त्यांना चाली लावून ‘लाहेजी’ गायनशैली घडवली. हौत्याजवळील अल-हुसैनी बाग त्यांच्या गीतांमुळे यमनभर माहीत झाली. 1943 मध्ये त्यांचे निधन झाले. लाहेज आणि एडनच्या राजांचा त्यांनी लिहिलेला इतिहास, ‘हदियत अझ-झमन’, हे अब्दली सल्तनतीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे देशी साधन आहे.