म्युनिकचा पेंग्विन

"ऑफिसात लिनक्स टाका, पैसे वाचवा" हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मॅनेजरला ऐकवलेलं असतं. मीही ऐकवलंय. उदाहरणही ठरलेलं, म्युनिक! पण गंमत म्हणजे म्युनिकने लिनक्स घेतलं ते स्वस्त पडतं म्हणून नव्हेच.

२००३ साली म्युनिक महापालिकेत विंडोज एनटी ४ वर चालणारे सुमारे १४ हजार पीसी होते आणि एनटीचा सपोर्ट संपत आला होता. सल्लागारांच्या हिशेबात मायक्रोसॉफ्टच स्वस्त ठरत होतं. शिवाय खुद्द स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी मोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटले, दरही उतरवला. तरी मे २००३ मध्ये नगरसेवकांनी लिनक्सला कौल दिला. एकाच कंपनीच्या दावणीला किती दिवस बांधून राहायचं, हा खरा प्रश्न होता.

प्रकल्पाचं नाव 'लिमक्स'. पहिली मशीन्स बदलली २००६ मध्ये, काम संपलं २०१३ मध्ये. एवढा वेळ का? वीसेक वेगवेगळे आयटी विभाग, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पत्रांचे नमुने, फॉर्म, वर्डमधले मॅक्रो, सगळं हजारोंनी. (ओळखीचं वाटतंय ना? माझ्या आधीच्या ऑफिसात लिबरऑफिसचा प्रयोग अकाउंट्सच्या एका एक्सेल शीटवर आपटला आणि आठवड्यात गुंडाळला. त्यातला मॅक्रो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला!) म्युनिकवाल्यांनी मात्र नमुने आणि फॉर्म सांभाळायला 'वोलमक्स' नावाचं टूल स्वतः लिहिलं, २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलंही केलं.

२०१२ मध्ये महापालिकेने १ कोटी युरोहून जास्त बचत झाल्याचं सांगितलं. मायक्रोसॉफ्टने करवून घेतलेल्या अभ्यासाने लगेच उलटं गणित मांडलं. न घेतलेल्या लायसन्सची किंमत बचतीत धरायची का, यावर वाद घालायला दोघांनाही वाव होता. मला दोन्ही आकडे जरा सोयीचेच वाटतात.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले आणि तक्रारींना जोर आला. २०१६ च्या सल्लागार अहवालाने मूळ दुखणं आयटीच्या कारभारात असल्याचं सांगितलं. २०१७ मध्ये बदलली मात्र ऑपरेटिंग सिस्टीम! पुन्हा विंडोज, खर्चाचा अंदाज सुमारे ५ कोटी युरो.

असो. २०२० मध्ये निवडणूक झाली, रायटरच पुन्हा महापौर झाले. सत्तेतल्या पक्षांच्या करारात एक ओळ होती: शक्य असेल तिथे ओपन सोर्स वापरावं.