साथीदारांवांचूनचा हिचकॉक

रहस्यपटांतील भयाची चाहूल लावण्याची कला अल्फ्रेड हिचकॉकनें सिद्ध केली होती. १९६० सालच्या 'सायको'नें त्याची कीर्ति शिगेस पोहोंचली. त्याचा पन्नासावा चित्रपट 'टॉर्न कर्टन' १९६६ सालीं आला आणि रसिक निराश झाले. पॉल न्यूमन व जूली अँड्र्यूज यांच्यासारखे नामांकित नट, पूर्व जर्मनींतील हेरगिरीचें कथानक. मग उणें कोठें पडलें?

उत्तर पडद्यामागें सांपडतें. संकलक जॉर्ज टोमासिनी १९६४ सालीं निवर्तला होता. छायालेखक रॉबर्ट बर्क्स या वेळीं नव्हता. 'सायको'ला केवळ तंतुवाद्यांचें संगीत देणारा बर्नार्ड हर्मन १९५५ पासूनचा साथी. पण चित्रसंस्थेला लोकप्रिय वळणाचें संगीत हवें होतें. हर्मनची रचना हिचकॉकनें नाकारली आणि दोघांचें सहकार्य कायमचें संपलें.

तरीहि शेतघरांतील खुनाचा प्रसंग विसरवत नाहीं. नायक व एक शेतकरीण पाळतीवरच्या हेरास सुरीनें, फावड्यानें, अखेर गॅसच्या भट्टींत मारतात. संगीत मुळींच नाहीं. मनुष्याचा जीव सहजीं जात नाहीं, हें तेथें पटतें. असे प्रसंग या चित्रपटांत थोडे. बाकीचा भाग रेंगाळतो, आणि जुन्या साथीदारांची आठवण तेथेंच होते.