तारा अतिनील, ढग लाल : तेजोमेघ चमकतो कसा?

हिवाळ्यात रात्री उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या गच्चीवर जा. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड असला तरी मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे ओळखू येतात. मृग दक्षिणेला वर आला की फोन कठड्यावर टेकवून नाइट मोडमध्ये फोटो काढा. तीन ताऱ्यांच्या जरा खाली पुसट डाग दिसला, तर तो ओरायन तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं.

हा ढग पेटतो कसा?
सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापलेला असतो. ‘ओ’ प्रकारच्या महाकाय ताऱ्यांचा ३०,००० च्या वर. हे तारे प्रचंड अतिनील प्रकाश फेकतात. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. हेच आयनीकरण. इलेक्ट्रॉन परत अणूत येऊन पायऱ्या उतरतो, तेव्हा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश निघतो. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही अदृश्य अतिनील प्रकाशाचाच दिसणारा उजेड होतो. फक्त तिथे ते काम काचेवरचा पांढरा लेप करतो.

मग फोटोत लाल का दिसत नाही?
फोनच्या सेन्सरवर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. तो हा लाल प्रकाशही बराचसा कापतो.

शेजारच्या दीर्घिकांत काय?
सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं लांबच्या एम३३ दीर्घिकेत एनजीसी ६०४ हा तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेल यांनी तो १७८४ मध्ये शोधला. त्यात असे २०० हून जास्त तप्त, महाकाय तारे आहेत. हे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात. म्हणजे लाल चमक दिसली, की तिथे तारे नुकतेच जन्मलेत. आयनीकरण करणारा मूळ प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो. आपल्याला मिळते ती ही लाल पावती. तिच्यावरूनच ताऱ्यांचा हिशोब मांडतात.

पुण्याचा शोध
काही वेळा मात्र मूळ प्रकाशही निसटतो. पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा यांच्या गटाने सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून आलेला असा प्रकाश पकडला. ऑगस्ट २०२० मध्ये हे जाहीर झालं. दुर्बीण होती २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरची. विश्व पसरत असल्यामुळे त्या प्रकाशाची तरंगलांबी वाढून तिच्या टप्प्यात आली होती. बाल्यावस्थेतल्या विश्वातला हायड्रोजन अशाच निसटलेल्या प्रकाशाने आयनीकृत झाला का, हे शोधायला अशा दीर्घिकाच कामी येतात.