वृद्धांची आंघोळ का टळते?

पहाटे उठून देवपूजेआधी आंघोळ उरकायची, हा ज्यांचा आयुष्यभराचा नेम, असे आजोबा एके दिवशी ‘आज नको’ म्हणतात. मग ‘उद्या पाहू’ सुरू होते. हळूहळू तोच सदरा तीन-तीन दिवस अंगावर राहतो, नखे वाढतात, खोलीला वास येऊ लागतो. घरची मंडळी आधी समजावतात, नंतर रागावतात आणि अखेरीस ‘म्हातारपणी हट्ट वाढतोच’ असे म्हणून विषय सोडून देतात. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा आणि प्रसंगी धोक्याचा ठरतो. नेमाने स्वच्छ राहणारी व्यक्ती अस्वच्छ राहू लागली, तर ते एखाद्या अडचणीचे किंवा आजाराचे लक्षण मानून त्याचे कारण शोधायला हवे.

आधी आंघोळच का?

अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वृद्धांचे स्वावलंबन मोजण्याची एक पद्धत मांडली. आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा क्रिया तीत तपासल्या जातात. यांपैकी आंघोळीचे स्वावलंबन साधारणपणे सर्वांत आधी हरपते आणि स्वतःच्या हाताने जेवण्याचे सर्वांत शेवटपर्यंत टिकते. आंघोळीसाठी तोल सांभाळणे, वाकणे, हात पाठीमागे नेणे, पाण्याच्या उष्णतेचा अंदाज घेणे आणि एकामागून एक कृती लक्षात ठेवणे, असे सारे एकाच वेळी साधावे लागते.

शरीराच्या अडचणी

गुडघे आखडलेल्या व्यक्तीला मोरीत पाटावर बसणे जमते, पण उठणे जमत नाही. भरलेली बादली सरकवणे, ओल्या फरशीवर पाऊल टाकणे याची धास्ती असते. एकदा पाय घसरला असेल तर ते घरात सांगितले जातेच असे नाही. आंघोळ मात्र टाळली जाते. बोटे सांध्यांच्या दुखण्याने वाकली असतील, तर लुगडे नेसणे किंवा सदऱ्याची बटणे लावणे हेच मोठे काम होऊन बसते.

वयानुसार त्वचा पातळ होते, त्याखालील चरबी घटते आणि थंडी अधिक बोचते. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले असेल तर हा त्रास आणखी वाढतो. कढत पाण्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो व चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा अनुभव अधिक येतो. वासाची जाणीवही उतारवयात क्षीण होते. मोतीबिंदू असेल तर कपड्यांवरील डाग दिसत नाहीत. ‘मला कुठे वास येतोय?’ हा आजींचा प्रश्न म्हणूनच प्रामाणिक असू शकतो.

मनाची कारणे

लघवीवरचा ताबा सुटू लागला की संकोचाने ओले कपडे लपवले जातात. सुनेने किंवा मुलाने आंघोळ घालावी, ही कल्पनाच अनेकांना असह्य वाटते. जोडीदाराच्या निधनानंतर नैराश्य आले, तर ‘आता कोणासाठी आवरायचे?’ ही भावना बळावते.

स्मृतिभ्रंशात आंघोळ झाल्याची खात्री वाटते, प्रत्यक्षात ती झालेली नसते. कधी साबण हातात असतो, पण पुढे काय करायचे ते सुचत नाही. मेंदूच्या पुढील भागाला ग्रासणाऱ्या प्रकारात तर स्मरणशक्ती बरी असतानाच स्वच्छतेबद्दल बेफिकिरी दिसते. टोकाच्या आत्मदुर्लक्षाचे वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९७५ मध्ये ‘डायोजिनीस सिंड्रोम’ या नावाने झाले. त्या अभ्यासातील ३० वृद्ध रुग्णांपैकी निम्म्यांमध्ये कोणताही मानसिक विकार आढळला नव्हता. त्यामुळे वरवर पाहून निदान करू नये.

काय करता येईल?

बदल काही दिवसांतच झाला असेल तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, औषधाचा दुष्परिणाम किंवा पक्षाघाताचा सौम्य झटका त्यामागे असू शकतो. बदल सावकाश झाला असेल तर दृष्टी, सांधे, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, मनःस्थिती आणि स्मरणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी.

न्हाणीघरात बसण्यासाठी भक्कम खुर्ची, पायाखाली न घसरणारी रबरी चटई, पुरेसा प्रकाश आणि भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे असावेत. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. पाणी कोमट आहे याची खात्री आधी कोपर बुडवून करावी.

रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे, हा आग्रह सोडावा. आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ आणि एरवी ओल्या पंचाने अंग पुसणे पुरेसे ठरते. मात्र जांघा, काखा, गुह्यांग व तोंड यांची स्वच्छता रोज हवी. तोंडातील जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मधुमेहींच्या पायांची बोटे रोज पाहून कोरडी करावीत.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी वाद घालू नये. आंघोळीची वेळ ठरलेली असावी, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि अंगावर टॉवेल राहू द्यावा. नकार मिळाला तर तासाभराने पुन्हा विचारावे. लाज वाटत असेल तर शक्यतो त्याच लिंगाच्या मदतनिसाची सोय करावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी २०२१ पासून देशभर १४५६७ ही मोफत मदतवाहिनी उपलब्ध आहे.

‘आंघोळ का केली नाहीत?’ या प्रश्नाला बहुधा ‘केली’ किंवा ‘नको’ एवढेच उत्तर मिळते. ‘मोरीत भीती वाटते का? काही दुखते का?’ असे एकांतात, शांतपणे विचारले तर खरे कारण कळण्याची शक्यता अधिक असते.