क्लोद माकेलेले
क्लोद माकेलेले (जन्म: १८ फेब्रुवारी, १९७३, किन्शासा, झैर) हे निवृत्त फ्रेंच व्यावसायिक फुटबॉलपटू आहेत. ते मधल्या फळीत बचावात्मक स्थानावर खेळत.

१९९५ मध्ये त्यांनी नाँत संघाकडून फ्रेंच साखळी स्पर्धा जिंकली. पुढे मार्सेल व सेल्ता व्हिगो या संघांकडून खेळून ते २००० मध्ये रेआल माद्रिदमध्ये दाखल झाले. २००२ मध्ये या संघाने चॅंपियन्स लीग जिंकली. मात्र वेतनवाढीची मागणी मान्य न झाल्याने २००३ मध्ये ते चेल्सीकडे गेले. तेथे त्यांनी २००५ व २००६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. फ्रान्सकडून ते ७१ सामने खेळले.

त्यांनी गोल क्वचितच केले. परंतु बचावफळीपुढे राहून प्रतिस्पर्ध्यांची चढाई मोडण्याची त्यांची भूमिका इंग्लंडमध्ये त्यांच्याच नावाने ओळखली जाते.