घरची सरकी

आमच्या शिवाराजवळून शकुंतला जायची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे कोणी बाई नव्हे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रुळांवरून डुलत जाणारी आमची आगगाडी. इंग्रज कंपनीनं ती बांधली ती आमच्या सोयीसाठी नाही, वऱ्हाडाचा कापूस मुंबईच्या बंदराकडं आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायला. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली घडवलेलं. १९९४ पर्यंत तेच गाडी ओढत होतं.

म्हणून जागतिकीकरण १९९१ साली आलं असं कोणी म्हटलं की मला हसू येते. आमच्या वावरात ते माझ्या खापरपणज्याच्या काळीच येऊन गेलं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. लोकांनी ज्वारीच्या जागी पऱ्हाटी लावली. युद्ध संपलं, भाव खाली आला, पण पऱ्हाटी वावरातून गेली नाही. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली. पुढं १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. रूळ होते, बाजार होता, तरी वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. कापूस विकता येते, खाता येत नाही, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मी दहावी झालो आणि वावरात उतरलो, तेव्हा एकाधिकार योजनेचे दिवस होते. १९७२ पासून कापूस फक्त सरकारच घेणार, राज्याबाहेर न्यायचा नाही असा कायदा. योजना चांगल्या हेतूची होती, व्यापाऱ्याच्या काट्यातून आम्ही सुटलो होतो. पण केंद्रावर दोन-दोन रात्री बंडीखाली झोपून काढल्या आहेत मी. ग्रेडर मूठभर कापूस हातात घ्यायचा, नाक मुरडायचा आणि वर्षाची मेहनत एका शब्दात खालच्या ग्रेडला टाकायचा. चुकारा हप्त्याहप्त्यानं. तिकडं आदिलाबादला भाव जास्त असला तर लोक रातोरात हद्दीपलीकडं बंड्या हाकायचे. आपलाच माल, अन आपणच चोर.

त्या रागातच मी शरद जोशींच्या सभांना जाऊ लागलो. शेतमालाचा बाजार खुला करा, आमचे हात सोडा, ही मागणी आम्हाला पटली. पुढं डंकेल प्रस्तावावर देशभर वाद झाला, तेव्हा जोशींनी त्याची बाजू घेतली. मीही पारावर बसून तेच बोलायचो. आज कोणी म्हणते, जागतिकीकरण शेतकऱ्यावर लादलं. माझ्यापुरतं खरं सांगतो, दार उघडा म्हणणाऱ्यांत मी होतो.

दार उघडलं. जुलै १९९१ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारात मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. त्याच साली जगाच्या बाजारात रुईचा भाव पौंडाला एक डॉलरच्या वर गेला. आम्ही खूश. २००१ च्या शेवटी तोच भाव ४० सेंटच्या खाली आला. अमेरिकेचं सरकार तिथल्या कापूसवाल्यांना मोठं अनुदान देत होतं. भाव पडला तरी त्यांचं घर चालत होतं. २००२ मध्ये ब्राझील त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि जिंकलं. आम्ही कुठं जाणार? आम्ही सावकाराकडं गेलो.

त्याच २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

आमच्या कोठीत एका मडक्यात देशी पऱ्हाटीची सरकी असायची. माय अन आजी हातरेच्यावर ती काढायच्या. पेरणीच्या आधी शेणकाल्यात घोळायची, उन्हात वाळवायची. संकरित बियाणं आम्हीही लावायचो, पण दोन एकर घरची सरकी ठरलेली. बियाला पैसा लागत नसे. २००४ साली मी बीटीची पाकिटं आणली. ४५० ग्रॅमचं पाकीट, सोळाशे रुपयांच्या आसपास. बाबा म्हणाले, "लेका, घरची सरकी मोडू नको. इकतचं बी पाव्हण्यावानी असते, आलं तसं जाते." मी म्हणालो, "बाबा, आता जमाना बदलला." दोन-तीन वर्षं मडकं तसंच पडून राह्यलं. सरकीला किडे लागले. एक दिवस मीच ती ढेपेत मिसळून बैलांपुढं टाकली.

बीटीनं पिकवलं, हे नाकारणार नाही. हिरवी अळी आटोक्यात आली, पहिली काही वर्षं फवारे कमी झाले. देशाचा कापूस पाच-सहा वर्षांत दुपटीच्या वर गेला. २००६ मध्ये पाकिटाची किंमतही साडेसातशेवर आली. २०११ च्या सुरुवातीला भाव चढला, तेव्हा माझ्या मुलीच्या नर्सिंगची फी त्याच पैशातून भरली. आज ती पुण्यात स्वतःच्या पायावर उभी आहे.

पण त्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक लहान पुडी यायची, साध्या बियाण्याची. ती बांधाच्या कडेनं लावायची होती, म्हणजे अळीला साधं झाड मिळते आणि बीटी पचवायची ताकद तिच्यात लवकर येत नाही. आम्ही ती लावलीच नाही. जागा वाया जाते म्हणून उकिरड्यावर फेकली. नीट समजावून सांगणारं कोणी आलं नाही, आम्हीही विचारलं नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजूर गेले. माझ्या धुऱ्याला धुरा असलेला सोबती त्याच्या कितीतरी आधी, कर्जापायी गेला होता. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याची बायको तेव्हा माझ्याच वावरात रोजानं कापूस वेचत होती.

पहिल्या वेचणीला आमच्याकडं सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाला दहीभात दाखवायचा, मग ओटी बांधायची. माझी घरवाली अजून करते. वेचणाऱ्या पोरी मोबाइलवर गाणी ऐकतात, अंगात नायलॉन-पॉलिस्टर. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर कापूस नाही. नातू मला फोनवर न्यूयॉर्कचा भाव दाखवतो. पूर्वी मला माझ्या मालाचा भाव कळत नव्हता, आता दर तासाला कळते. पण ठरवत मी तेव्हाही नव्हतो, आताही नाही.

शकुंतला आता बंद आहे. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत.

मागच्या साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून देशी पऱ्हाटीचं थोडं बियाणं आणलं. आमच्या मडक्यातलं ते नव्हे, ते बैलांच्या पोटात गेलं. तरी चार तासं डोबली. बोंड लहान, धागा आखूड, पण पाण्याची ओढ पडली तेव्हा तीच चार तासं हिरवी होती. बाजारात त्या कापसाचं काही खास आलं नाही. सरकी मात्र मी ठेवली आहे. मायचं मडकं फुटलं, म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात.