कटोरदान

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या शाळेत पालक यायचे. सकाळची पहिली एसटी फाटकापाशी थांबली की वसतिगृहाच्या गच्चीवरून पोरी ओरडायच्या, "तुझे आले गं!" आणि जिचे आले ती केस अर्धे विंचरलेले टाकून पळत सुटायची. नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये अमरावती आणि हरियाणातल्या झज्जरपासून सुरू झाली. आमचं त्यानंतरच्या लाटेतलं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. पण मेसची पोळी कितीही फुकट असली तरी घरच्या धपाट्याची सर तिला नव्हती, म्हणून महिनाभर डोळे त्या रविवारकडे लागलेले असायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बहुधा एकटेच यायचे. दोन गाड्या बदलाव्या लागत. मधल्या एका गावात गाडी दहा मिनिटं चहाला थांबायची. तिथल्या हॉटेलातले खव्याचे पेढे ते न चुकता आणायचे. कागदाला तूप सुटलेलं असायचं.

१९८९च्या हिवाळ्यातला तो रविवार. मी चौदा वर्षांची. मागच्या महिन्यातले स्टीलचे दोन्ही डबे मी परत पाठवलेच नव्हते, एकात रिबिनी आणि एकात शेंगदाणे भरून ठेवले होते. घरी डबा उरला नाही, म्हणून आजीनं शेंगापोळ्या कटोरदानात घालून दिल्या. तांब्याचं, पसरट, घट्ट झाकणाचं, आतून कल्हई केलेलं. ते घराबाहेर कधी जात नसे. आजीच्या रुखवतातलं म्हणून त्याला मान होता, आणि झाकणावर टिंबाटिंबांची वेलबुट्टी होती.

लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या पडल्या. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीचे आजोबाही आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. निजामाच्या काळात तहसिलीत कारकून, पुढं महाराष्ट्रात पेन्शनर. डबे एकमेकांत फिरले, तसं आमचं झाकण त्यांच्या हातात गेलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, झाकण उन्हाकडे तिरपं धरलं आणि वेलबुट्टीवरून बोट सरकवायला लागले. बोट उजवीकडून डावीकडे जात होतं. ती वेलबुट्टी नाही, हे मला तिथंच कळलं.

"हे तर नाव आहे," तात्या म्हणाले आणि त्यांनी ते वाचलं. एका बाईचं नाव, मग 'बिन्त', मग एका पुरुषाचं. "बिन्त म्हणजे लेक. अमक्याची लेक. खाली तेराशे पन्नास लिहिलंय, म्हणजे फसली. लग्नातलं भांडं दिसतंय कुणाचं तरी." अजून काही वाचायला त्यांनी बोट पुढं नेलं आणि मग अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "कुठनं घेतलं हो?"

"जुनंय," अण्णा म्हणाले. "बाजारातलं असंल."

त्यांनी झाकण काढून घेतलं, पंच्यानं पुसलं आणि डब्यावर बसवलं. उलटं. अक्षरं आतल्या बाजूला. ते काही नीट बसेना, तरी दाबत राहिले. ती बाई कोण, हा प्रश्न मला नंतर पडला. आधी पडला तो हा, की अण्णा खोटं का बोलले.

आमच्या पिढीला तात्यांसारख्या माणसांचं नवल वाटायचं. कपाळाला गंध, घरात सोवळं आणि हिशेब मात्र उर्दूत. हैदराबाद संस्थानाच्या दरबारी कामाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. रुपया वेगळा, त्याला हाली सिक्का म्हणत. वर्ष वेगळं, ते फसली. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की आपलं साल येतं. तेराशे पन्नास म्हणजे १९४०-४१. सरहद्दीपलीकडची बार्शी आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'इंग्रजी'त होती आणि आम्ही 'मोगलाई'त. मोगल जाऊन दोनशे वर्षं झाली होती, तरी शब्द टिकला.

आणि भांड्यांतही एक सरहद्द होती. हिंदूंच्या घरात पितळ, मुसलमानांच्या घरात कल्हईचं तांबं. आमच्या फळीवर सगळी पितळी भांडी आणि एकच तांब्याचं कटोरदान. चौदा वर्षं मी ती फळी पाहत होते.

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, रझाकाराच्या सालाची गोष्ट आम्हा भावंडांना पाठ होती. कासीम रझवी, लातूरचा वकील, त्याच्या माणसांनी गावावर पट्टी बसवली. दिली नाही म्हणून कडब्याची गंज पेटवली. गंज दोन दिवस जळत होती. मग १९४८च्या उन्हाळ्याच्या शेवटी एका रात्री आबांनी गाडी जुंपली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या, आजीच्या कडेवर सहा महिन्यांची थोरली आत्या, तिच्या तोंडाला गूळ लावलेलं बोट. रडली तर सगळे मेले. उजाडता उजाडता ते बार्शीकडच्या हद्दीत शिरले आणि एका पाहुण्याच्या गोठ्यात चार महिने राहिले. पुढं १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं, १७ला निजामानं शरणागती पत्करली. "अन् पुलीस ॲक्शन झाली, अन् आमी घरी आलो. त्या साली जवारी लई पिकली."

ही गोष्ट मी शाळेत सतरा सप्टेंबरच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगून कंपासपेटी मिळवली होती. शेवटही आबांच्याच शब्दांत केला होता. 'घरी आलो' आणि 'जवारी पिकली' यांच्यामध्ये निदान दोन महिन्यांची फट आहे, हे ना मला दिसलं, ना परीक्षकांना.

लगेच नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी विचारलं. मधले महिने धीर झाला नाही म्हणा, किंवा आपल्या घरात काहीतरी आहे याची एक गुप्त मजाही वाटत होती म्हणा. चौदाव्या वर्षी दोन्ही एकच असतं.

आबांना विचारलं, "आपल्या गोठ्याच्या जागी आधी कुणाचं घर होतं?"

"व्हतं एकाचं."

"ते कुठं गेले?"

"गेले."

"कुठं पण?"

"गेले म्हणलं ना!" आणि चंची घेऊन उठले. त्यानंतर ते १९९६ साली वारले. मधल्या सहा वर्षांत मी पुन्हा विचारलं नाही.

आजीनं मात्र सांगितलं, माझी वेणी घालताना. समोरासमोर बसून सांगितलं नसतं. माझ्या डोक्यामागं बसून सांगितलं. बार्शीला जाताना सगळी भांडी नेणं शक्य नव्हतं. पितळेचा एवढा आवाज. म्हणून तिनं ती शेजारणीकडे ठेवली, ती शेजारीण म्हणजे झाकणावरची बाई. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आलेल्या. "रझाकार आले तवा ती दारात उभी ऱ्हायली. ह्या घरात माझीच भांडी हायेत म्हणाली. एक ताटली हलली न्हाई." चार महिन्यांनी आजी परतली, तेव्हा शेजारचं घर रिकामं होतं आणि हिची सगळी भांडी हिच्या चुलीपाशी ओळीनं मांडलेली. "मोजली. एक जास्तीचं निघालं. माझं ठेवलं तसं आता तिचं मी ठिवायचं, आसंच की न्हाई?"

थोरल्या आत्याकडे गेले तेव्हा तिनं दुसरंच सांगितलं. ती तेव्हा तान्ही, म्हणजे तिनंही ऐकलेलंच. पण तिनं ते आपल्या आत्याकडून ऐकलं होतं, आणि ती आत्या घरातलं झाकून ठेवणारी नव्हती. आत्याच्या म्हणण्याप्रमाणं ते घर उघडं पडलं होतं. गावातल्यांनी हाताला लागलं ते नेलं. कुणी जातं नेलं, कुणी चौकट उपटून नेली. आजी आपली भांडी आणायला त्यात शिरली. "पाटीत घातली तवा काय मोजत व्हती व्हय ती? आलं त्याच्यासंगं."

"आणि माणसं?"

आत्यानं बोलून उत्तर दिलं नाही. हनुवटीनं वेशीबाहेरच्या विहिरीकडे दाखवलं. तिचं पाणी आम्ही शेताला द्यायचो, प्यायला कधी आणत नसू. खारं आहे, असं आम्हाला सांगितलेलं. "बाई न् पोरं निगून गेली म्हणत्यात," आत्या म्हणाली. "दादला न् दीर न्हाई."

मी नंतर त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोड होतं.

आजीचं खरं की आत्याचं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. खूप वर्षं मी आजीच्या बाजूनं होते; ती माझी आजी होती, एवढंच त्याचं कारण. मग हळूहळू लक्षात आलं, भांडी ठेवायला दिल्याचा भाग दोन्ही गोष्टींत आहे. रझाकारांपुढं दारात उभी राहिलेली बाई दोन्हीकडे आहे. तिच्याबद्दल कुणाचाच वाद नाही.

पुढं पुण्यात शिकताना पंडित सुंदरलाल समितीबद्दल कळलं. पोलीस कारवाईनंतर नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि आणखी एकांना संस्थानात पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. कारवाईच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड धरले. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. दिल्लीत तो लोकांना पाहायला मिळू लागला तो २०१३च्या सुमाराला. मी तो वाचायला घेतला आणि विहिरींचा उल्लेख आला तिथं मिटला. काही दिवसांनी पुन्हा उघडला. रझाकारांनी केलं ते खोटं नाही. आमची गंज जळली ती जळलीच. पण आबांच्या गोष्टीत एका घराची आग दोन दिवस जळते आणि दुसऱ्या घराला गोष्टच नाही.

आजीबद्दल एक राहिलं. दर उन्हाळ्यात गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता पुरायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं तो भांड्याच्या पोटात कथलाची चांदी फिरवायचा. आम्ही पोरं भोवती बसायचो. तो बाहेरूनही भांडं घासून लख्ख करून द्यायचा, पण कटोरदान देताना आजी दरवर्षी बजावायची, "वरनं घासू नगंस. अक्षरं जातील."

अक्षरं. आम्हाला ती वेलबुट्टी म्हणून सांगायची, कल्हईवाल्याला अक्षरं म्हणायची. आणि त्या कल्हईवाल्याला, गफूरमियाँ किंवा कुणी असेल तो, नावानं कधी हाक मारलेली आठवत नाही, बहुधा ती वाचता येत होती. दरवर्षी वाचून तो काय म्हणत असेल मनात? झाकण पुसून निमूट परत द्यायचा.

आजी गेल्यावर भांड्यांच्या वाटण्या झाल्या. चुलत भावांच्या बायकांनी घंगाळं, हंडे वाटून घेतले. मी कटोरदान मागितलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. कल्हई उडालेल्या तांब्यात पोळ्या ठेवता येत नाहीत, आणि माझ्या सोसायटीत कल्हईवाला येत नाही. ते रिकामंच आहे.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि घरोघरच्या माळ्यांवरून निजामकाळची दप्तरं खाली आली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या चुलत भावानंही एका निवृत्त मास्तरांना गाठलं, पानामागं पैसे ठरवले. मी नेमकी गावी होते. रुमालात बांधलेलं दप्तर सोडलं, त्यानं आपल्याला हवी ती पाच-सहा पानं काढली आणि बाकीचं पुन्हा बांधायला लागला.

"गोठ्याच्या जागेचं काही आहे का बघू की," मी म्हणाले.

"ते कशाला उकरायलीस?" तो म्हणाला. रागानं नाही. गाठ मात्र घट्ट मारली.

मी पिशवीतून झाकण काढून मास्तरांपुढं ठेवलं. त्यांचंही बोट उजवीकडून निघालं. तात्यांनी वाचलं तेच नाव, तोच बाप, तेच साल. आणि मग, तात्यांचं बोट जिथं थांबलं होतं त्याच्यापुढं, आणखी एक शब्द.

"हे गाव आहे," मास्तर म्हणाले. "मुलीचं माहेर असणार. नांदायला जाताना भांडी देतात ना, त्यावर घालतात."

गाव ओळखीचं होतं. अण्णांची एसटी तिथं दहा मिनिटं चहाला थांबायची. त्या नावाच्या पाटीखाली उभं राहून ते माझ्यासाठी पेढे बांधून घ्यायचे, आणि त्या रविवारी मांडीवरच्या पिशवीत कटोरदान होतं.

ते गाव आमच्या गावापासून तीस-बत्तीस किलोमीटर. आता रस्ता चांगला झालाय. मी अजून गेलेले नाही.